ओल्या बाजाराची दिवाळी

एक चौरस किलोमीटर जमिनीवर शंभर मिलिमीटर पाऊस पडला की किती पाणी होतं? दहा कोटी लिटर. दहा हजार लिटरचे टँकर भरले, तर दहा हजार टँकर. अहिल्यानगर जिल्ह्याच्या ज्या दुष्काळी पट्ट्यानं उन्हाळ्यामागून उन्हाळे टँकरची वाट पाहत काढले, त्याच पट्ट्यातल्या पाथर्डी, शेवगाव, जामखेड, कर्जत या तालुक्यांत सप्टेंबर 2025 मध्ये ओढे गावात शिरले, शेतं वाहून गेली आणि पेठेतल्या शटरखालून गढूळ पाणी आत आलं.

तारखा पाहिल्या की काळजात धस्स होतं. त्या वर्षी घटस्थापना होती 22 सप्टेंबरला, दसरा 2 ऑक्टोबरला, लक्ष्मीपूजन 21 ऑक्टोबरला. वर्षाचा धंदा ज्या चार-पाच आठवड्यांत होतो, त्यांच्याच तोंडावर दुकानं भिजली. आणि तरी दिवाळीला ओल्या भिंतींच्या पेठांमध्ये पणत्या, पोहे, कपडे विकायला माणसं बसलीच.

ही दुकानं पुन्हा उभी राहतात ती नेमकी कशाच्या बळावर? या प्रश्नात जितकं खोल उतरावं तितकं थक्क व्हायला होतं. त्यात काळ्या मातीचं शास्त्र आहे, कुंभाराच्या आव्याचं रसायन आहे, रुपयाच्या फिरण्याचं गणित आहे आणि या जिल्ह्याचा दीडशे वर्षांचा पतपुरवठ्याचा इतिहासही आहे. सगळे धागे शेवटी एकाच ठिकाणी येतात: संकटात सापडलेल्या दुकानाचं सर्वांत मोठं भांडवल म्हणजे त्याचं गिऱ्हाईक.

पर्जन्यछायेत पूर येतो कसा?

क्षेत्रफळानं महाराष्ट्रातला सर्वांत मोठा असलेला हा जिल्हा, सतरा हजार चौरस किलोमीटरहून जास्त. पश्चिमेला अकोले तालुक्यात सह्याद्रीच्या माथ्यावरच्या घाटघरला वर्षाला काही हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. पूर्वेकडे आलं की तोच आकडा पाचशे-साडेपाचशेच्या आसपास येतो. सह्याद्री ओलांडताना ढग रिकामे होतात आणि मागच्या प्रदेशाला उरलंसुरलं मिळतं. पण बंगालच्या उपसागरावरून येणारे कमी दाबाचे पट्टे पूर्वेकडून आत शिरतात. त्यांच्या वाटेत सह्याद्री नसतो. म्हणून पूर्व नगरला मोठा पाऊस बहुधा सप्टेंबरमध्ये, परतीच्या दिवसांत मिळतो. ज्या सरींसाठी डोळे लागलेले असतात, त्याच कधी कधी आवरत नाहीत.

आता जमीन पाहा. खाली सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा काळा पाषाण. त्यातून मुरायला वाव थोडा, तोही भेगांमधून. वर त्याच पाषाणाची झीज होऊन तयार झालेली काळी माती. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी ही जमीन पावसाच्या पहिल्या दमात पाणी पोटात घेते. पण एकदा फुगून भेगा मिटल्या की तिचं तोंड बंद होतं. त्यानंतर पडणारा पाऊस पृष्ठभागावरूनच धावतो.

तो धावतो कुठे? पाथर्डी-नगरच्या मधून गेलेल्या गर्भगिरीच्या डोंगररांगेवरून, जिथं मढीला कानिफनाथांचं आणि जवळच मोहट्याला देवीचं स्थान आहे. या डोंगराच्या उत्तरेचं पाणी गोदावरीकडे जातं, दक्षिणेचं सीनेतून भीमेकडे. ओढे आखूड, उतार तीव्र, पात्रं वर्षातले दहा महिने कोरडी. कोरडं पात्र हळूहळू माणसांच्या वापरात येतं. कुठे रस्ता, कुठे बाजारतळ, कुठे टपऱ्यांची रांग. मग काही तासांत डोंगरावरचं पाणी आपल्या जुन्या वाटेनं खाली येतं.

सीना नदीचा एक उगम नगर शहराच्या पश्चिमेला जामगावजवळ, दुसरा ईशान्येला जेऊरजवळ. एरवी शहराजवळून जाताना ती ओढ्याएवढी दिसते. सप्टेंबर 2025 मध्ये याच सीनेनं पुढे सोलापूर जिल्ह्यात माढा आणि मोहोळ तालुक्यांतल्या गावांना वेढा घातला. जिल्ह्याच्या डोंगरावर पडलेला थेंब खाली दीडदोनशे किलोमीटरवरच्या दुकानाचंही शटर उचकटतो, इतकं हे सगळं जोडलेलं आहे.

पाणी दुकानात शिरतं तेव्हा

पुराचं नुकसान आपण "माल भिजला" एवढ्यावर संपवतो. पण पाणी प्रत्येक धंद्याशी वेगळं वागतं, आणि ते समजलं की मदत कशी करावी हेही समजतं.

किराणा दुकानात साखर, गूळ आणि मीठ विरघळून निघून जातात. पोहे, रवा, मैदा, बेसन ही नेमकी दिवाळीच्या फराळाची भरती ओल धरते आणि दोन दिवसांत तिला बुरशी लागते. डाळी-कडधान्यं फुगून पोती उसवतात. पत्र्याचे बंद डबे तेवढे धुऊन-पुसून वाचतात. सिमेंटच्या गोणीचा दगड होतो. कृषी सेवा केंद्रातला युरिया पाणी शोषून घट्ट बसतो. कापडाच्या तागाला पाण्यापेक्षा गाळाचा त्रास जास्त. बारीक माती धाग्यांच्या विणीत शिरते आणि आतली घडी कोरडी असली तरी काठ काळवंडलेल्या साडीचा भाव निम्म्यावर येतो.

शिलाई मशीनचं बिडाचं अंग मात्र पुरातून सहज तरतं. गंजतो तो खालचा शटल आणि बेअरिंग. पहिल्या एक-दोन दिवसांत मशीन उघडून, रॉकेलनं धुऊन, तेल दिलं तर ते पुन्हा चालू लागतं. पिठाच्या गिरणीचंही तसंच. दगडाला पाणी काहीच करत नाही. पुन्हा टाकी लावली की तो दळायला तयार. जळते ती मोटर, आणि तीही बऱ्याचदा पाण्यामुळे नाही, तर घाईमुळे. तारांच्या वेढ्यांमध्ये ओल असताना बटण दाबलं की वाइंडिंग जळून जातं. तीच मोटर उघडून, पूर्ण वाळवून, तपासून सुरू केली तर कित्येकदा वाचते. पूर ओसरल्यावर पहिल्या आठवड्यात गावाला सर्वांत जास्त गरज असते ती मोटर आणि मशीन दुरुस्त करणाऱ्या कारागिराची. त्या एका माणसाच्या हातावर दहा दुकानं पुन्हा उघडतात.

सर्वांत थक्क करणारी गोष्ट कुंभाराच्या अंगणात दिसते. दोन पणत्या शेजारी ठेवलेल्या, एक कच्ची आणि एक भाजलेली. पुराचं पाणी आलं की कच्ची पणती काही मिनिटांत चिखल होते. भाजलेली धुऊन काढली की नवी. दोघींची माती तीच, मळणारे हातही तेच. फरक आहे आव्यातल्या उष्णतेचा. साधारण पाचशे ते सहाशे अंश सेल्सिअसच्या पुढे चिकणमातीच्या कणांच्या आत रासायनिक बंधानं अडकलेलं पाणी निघून जातं आणि तिची रचना कायमची बदलते. मग ती पाण्यात विरघळत नाही. म्हणून दिवाळीपूर्वीच्या महिन्यात पूर आला, तर कुंभाराचं नुकसान त्याच्या अंगणातल्या मालावरून नुसतं मोजता येत नाही. किती माल आव्यातून निघाला होता आणि किती वाळत होता, यावर सगळं ठरतं. आणि वाळवायला ऊन लागतं. ढगाळ, दमट हवेत पुन्हा घडवलेल्या पणत्या लवकर वाळत नाहीत. ओल्याच भाजल्या तर तडकतात. त्याचा हंगाम मालाइतकाच दिवसांमुळेही जातो.

झेंडूवाल्या शेतकऱ्याचंही हेच दुखणं. दसरा-दिवाळीला फूल हवं म्हणून रोप साधारण दोन महिने आधी लावावं लागतं. वाफ्यात पाणी साचून राहिलं की मुळांना हवा मिळत नाही आणि झाड बसतं. सप्टेंबरअखेर बसलेल्या झाडाच्या जागी नवं लावलं, तर त्याचं फूल यायच्या आत दिवाळी होऊन जाते.

पंचांग आणि भांडवल

आता दुकानाच्या आतलं गणित पाहू. समजा, तालुक्याच्या गावी एका किराणा दुकानदाराचं एक लाख रुपयांचं भांडवल आहे. शंभराला दहा रुपये सुटतात आणि माल महिन्याला एकदा विकून पुन्हा भरला जातो. वर्षात भांडवल बारा वेळा फिरलं, की एक लाख वीस हजार रुपये सुटतात. त्यातून भाडं, वीज, घरखर्च, कर्जाचा हप्ता. पुरात निम्मं भांडवल गेलं तर सुटणारे पैसेही निम्मे होतात; भाडं, वीज आणि हप्ता मात्र निम्मा होत नाही.

त्यात सण आला की आणखी एक पेच. पाथर्डी-शेवगावकडचे दुकानदार नगरच्या आडते बाजारातून, दाळ मंडईतून, कापड बाजारातून सणाचा माल भरतात, आणि तो बराचसा उधारीवर. घाऊक व्यापाऱ्याला पैसे द्यायचे ते सण झाल्यावर. माल दुकानात आलेला, पैसे अजून द्यायचे, विक्री अजून सुरू व्हायची, नेमक्या या फटीत सप्टेंबरचा पूर येतो. माल वाहून गेला. देणं तसंच राहिलं.

गिऱ्हाईकही कोरडं राहिलेलं नसतं. कपाशी, सोयाबीन, तूर पाण्याखाली गेलेला शेतकरी दुकानदाराची जुनी बाकी कशी देणार? या पट्ट्यातून दर वर्षी हजारो कुटुंबं दिवाळीच्या मागेपुढे ऊसतोडीला बाहेर पडतात. जाण्याआधी मुकादमाकडून उचल घेऊन ती पेठेत येतात, धान्य, भांडी, पांघरुणं घेतात आणि मागची उधारी मिटवतात. दुकानदाराच्या वर्षातला हा मोठा वसुलीचा काळ. पण पुरानं ज्याचं घरच पडलं, त्याची उचल आधी पत्र्यांवर आणि विटांवर जाते. शेत, घर आणि पेठ यांच्यातून एकच रोकड फिरत असते. एका जागी तुटली की तिन्ही जागी कोरड पडते.

मग दिवाळी आशेची का? कारण सणात माल अफाट वेगानं फिरतो. एरवी महिन्याला एकदा विकली जाणारी भरती दिवाळीच्या पंधरवड्यात चार वेळा विकली जाऊ शकते. हाती फक्त पन्नास हजार असले आणि ते चार वेळा फिरले, तर दोन लाखांची विक्री होते आणि वरच्याच हिशेबानं वीस हजार सुटतात. भांडवल कमी असताना त्याची भरपाई वेग करतो. पुरात सापडलेल्या दुकानाला दिवाळीत पन्नास हजार मिळणं आणि फेब्रुवारीत पन्नास हजार मिळणं यांत फार मोठं अंतर आहे.

7 ऑक्टोबर 2025 रोजी राज्य सरकारनं 31,628 कोटी रुपयांचं मदतीचं पॅकेज जाहीर केलं. त्यात नुकसान झालेल्या दुकानदारांसाठी 50 हजार रुपयांपर्यंतची मदत होती. लक्ष्मीपूजनाला तेव्हा दोन आठवडे उरले होते. पंचनामा, यादी, मंजुरी, बँक खातं या पायऱ्या चढून पैसा पोचायला वेळ लागतो.

गिऱ्हाइकाच्या हातातला पैसा मात्र आजच्या आज पोचतो. पन्नास गिऱ्हाइकांनी दिवाळीच्या किराण्यासाठी प्रत्येकी एक हजार रुपये आगाऊ दिले, तर किती होतात? पन्नास हजार. सरकारी मदतीच्या कमाल आकड्याएवढे. त्यावर व्याज नाही, तारण नाही, अर्ज नाही. दुकानदार तेच पैसे घेऊन नगरला जातो, रोखीनं माल भरतो, गिऱ्हाइकांना माल देतो आणि सुटलेल्या पैशांतून पुढची भरती करतो. गिऱ्हाइकाचं यात काहीच जात नाही. जे आठवड्यानं घ्यायचं तेच तो आठवडाभर आधी देतो.

शंभर रुपयांचा प्रवास

1931 साली रिचर्ड कान या इंग्रज अर्थशास्त्रज्ञानं एक साधा पण विलक्षण विचार मांडला. एकानं केलेला खर्च दुसऱ्याची कमाई असते. ती कमाई पुन्हा कुणाकडे तरी खर्च होते. म्हणून एक रुपया अनेक जणांच्या कमाईत मोजला जातो. पुढे केन्सनं हाच विचार आपल्या सिद्धांताच्या केंद्रस्थानी ठेवला.

हे गणित गावाला लावून पाहू. समजा, गावात आलेल्या प्रत्येक शंभर रुपयांपैकी साठ रुपये पुन्हा गावातच खर्च होतात. मग शंभर, साठ, छत्तीस, एकवीस रुपये साठ पैसे अशी लहान होत जाणारी साखळी तयार होते आणि तिची बेरीज अडीचशे रुपयांवर जाते. पण शंभरातले वीसच गावात राहिले, तर बेरीज होते सव्वाशे. शंभर रुपये तेच. गावाच्या कमाईत मात्र दुप्पट फरक.

इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे समजून घ्यायला हवी. दुकान गावातलं आहे म्हणून सगळा पैसा गावात राहतो असं नाही. तेलाची पिशवी, साबण, टीव्ही, मोबाईल यांच्या किमतीतला मोठा वाटा बाहेरच्या कारखान्याकडे जातो. दुकानदाराकडे उरतो तो थोडासा नफा. पणती घेतली तर माती, सरपण, मजुरी सगळं जवळपासचं. शिंदीच्या पानांची केरसुणी, जी लक्ष्मीपूजनाला आपण लक्ष्मी म्हणून पूजतो, ती तर पूर्णपणे हातांची कमाई. ब्लाऊज शिवून घेतला, मोटर रिवाइंड करून घेतली, भाजणी दळून आणली, बचत गटाकडून चकली-करंजी घेतली, शेतकऱ्याकडून झेंडू घेतला, की किमतीतला बहुतेक वाटा गावातल्या माणसाच्या हाती राहतो.

म्हणजे कुठून घ्यावं याइतकंच काय घ्यावं हेही महत्त्वाचं. पूरग्रस्त पेठेत दोनशे रुपयांचं शिवणकाम दोनशे रुपयांच्या पाकीटबंद वस्तूपेक्षा गावाला कितीतरी जास्त देऊन जातं. फराळाचं तर आणखी नवल. त्याला भांडवल थोडं लागतं, यंत्र जवळपास लागतच नाही, आणि सोमवारी घातलेला पैसा गुरुवारी परत येतो. घर आणि दुकान दोन्ही भिजलेल्या बाईला इतक्या लवकर पायावर उभं करणारा दुसरा धंदा शोधून सापडणार नाही.

विश्वासाचं तारण

पत हा या जिल्ह्याच्या इतिहासातला दुखरा आणि तेजस्वी, दोन्ही प्रकारचा विषय आहे. 1875 मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला सुरू झालेला शेतकऱ्यांचा उठाव नगर जिल्ह्यातल्या श्रीगोंदा, पारनेर, नगर, कर्जत या तालुक्यांत पसरला. इतिहास त्याला दख्खनचे दंगे म्हणतो. शेतकऱ्यांचा रोख होता कर्जरोख्यांवर; सावकाराच्या घरातले कागद बाहेर काढून त्यांची होळी केली गेली. पुढच्याच वर्षी, 1876 मध्ये, भीषण दुष्काळ पडला. गाव आणि पेठ यांच्यातला विश्वास तुटलेला असताना आलेलं ते संकट होतं.

त्याच जिल्ह्यानं पुढे उत्तरही शोधलं. 1923 मध्ये प्रवरेकाठच्या लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकारानं सहकारी पतपेढी उभी राहिली. शेतकऱ्यांनी एकमेकांना जामीन राहायचं, थोडं थोडं साठवायचं आणि गरजेला आपल्यातूनच कर्ज द्यायचं. 1950 मध्ये तिथंच, अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या साथीनं, देशातला पहिला यशस्वी सहकारी साखर कारखाना सुरू झाला. ज्या जिल्ह्यात कर्जाचे कागद जळले, तिथंच माणसं एकमेकांच्या विश्वासावर कारखाना उभा करायला पुढे आली. याहून मोठं आश्चर्य अर्थशास्त्राच्या पुस्तकात क्वचितच सापडेल.

संकटात कागदापेक्षा ओळख जास्त टिकते, हे जगानंही पाहिलं आहे. 18 एप्रिल 1906 रोजी सॅन फ्रान्सिस्कोत भूकंप झाला आणि पाठोपाठ आग लागली. मोठ्या बँकांच्या तिजोऱ्या इतक्या तापल्या होत्या की उघडल्यावर आतल्या नोटा पेटतील म्हणून त्या कित्येक दिवस बंदच ठेवाव्या लागल्या. त्या वेळी अमादेओ जियानिनी नावाच्या लहान बँकवाल्यानं आपली रोकड भाजीच्या गाडीतून शहराबाहेर नेऊन वाचवली आणि धक्क्यावर फळी टाकून छोट्या धंदेवाल्यांना कर्जं द्यायला सुरुवात केली. तारण काय, तर ओळख आणि माणसाचा हात. ती लहान बँक पुढे बँक ऑफ अमेरिका झाली. न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चमध्ये 22 फेब्रुवारी 2011 च्या भूकंपानं पेठ जमीनदोस्त केल्यावर इमारती बांधून होण्याची वाट न पाहता ऑक्टोबरअखेर मालवाहू कंटेनरमध्ये दुकानं थाटली गेली, नाताळच्या खरेदीआधी. विक्रीची जागा आधी, भिंती मागाहून.

आपल्याकडे 22 जुलै 2021 च्या महापुरात चिपळूणची बाजारपेठ बुडाली, तेव्हा गणेश चतुर्थी सात आठवड्यांवर होती. कोकणात सण म्हणजे गणपती. तिथंही दुकानदारांनी गाळ उपसला तो सणाकडे डोळे लावूनच. सणाची तारीख पुढे ढकलता येत नाही. म्हणूनच ती माणसाला उठवून उभं करते.

आपल्या हातात काय?

सरकारी आणि बँकांच्या वाटा माहीत असणं ही मोठी मदत आहे, कारण भिजलेल्या दुकानात बसलेल्या माणसाला त्या शोधायला वेळ नसतो. फेरीवाल्यांसाठीची पीएम स्वनिधी योजना 31 मार्च 2030 पर्यंत वाढवली आहे. तिच्यात पहिलं कर्ज 15 हजारांपर्यंत, दुसरं 25 हजारांपर्यंत आणि तिसरं 50 हजारांपर्यंत मिळतं, तेही तारणाशिवाय. 2023 मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत कुंभार, शिंपी, चर्मकार, टोपल्या-झाडू करणारे अशा अठरा पारंपरिक व्यवसायांना अवजारांसाठी 15 हजार रुपयांपर्यंत आणि पाच टक्के व्याजानं कर्ज मिळतं. छोट्या दुकानासाठी "भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा" नावाची प्रमाणित विमा पॉलिसी एप्रिल 2021 पासून उपलब्ध आहे आणि पुराचं नुकसान तिच्यात धरलं जातं. शिकलेल्या पोरानं एक दुपार काढून आपल्या नेहमीच्या दुकानदाराचा अर्ज भरून दिला, तर त्याचं मोल एखाद्या मोठ्या खरेदीहून कमी नाही.

खरेदीची रीतही थोडी बदलावी लागेल. यादी आधी द्यावी, पैसे आधी द्यावेत आणि शक्य तिथं रोख द्यावेत. जुनी उधारी असेल तर नवी खरेदी करण्याआधी ती मिटवावी. भिजलेल्या वहीतली शाई पुसली गेली असली, तरी आपल्याला आपली बाकी माहीत असते. काठ डागाळलेलं पातळ, खोका खराब झालेला डबा, वापरण्याजोगा असेल तर घासाघीस न करता घ्यावा. अन्नधान्य मात्र भिजलेलं अजिबात घेऊ नये आणि दुकानदारालाही विकू देऊ नये. बुरशीचं विष सहानुभूती ओळखत नाही. पणत्यांची ऑर्डर श्रावणातच नोंदवली, तर कुंभाराला आवा आधी लावता येतो आणि सप्टेंबरच्या पावसाआधी त्याचा माल पक्का होतो.

संस्थांचा हात तर फार लांब पोचतो. शाळा, पतसंस्था, साखर कारखाने, औद्योगिक वसाहतींतल्या कंपन्या दिवाळीला कामगारांना भेटी देतात. त्या शहरातल्या मोठ्या पुरवठादाराकडून न घेता पूरग्रस्त गावच्या बचत गटांकडून, शिंप्यांकडून, कुंभारांकडून घेतल्या, आणि निम्मे पैसे ऑर्डरबरोबरच दिले, तर एका निर्णयात कितीतरी चुली पेटतात. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं देणं जास्तीत जास्त 45 दिवसांत चुकतं करावं, असं 2006 चा कायदाच सांगतो. पूरग्रस्त कारागिराचं बिल पंचेचाळीस दिवस वाट पाहू शकत नाही. ते त्याच दिवशी द्यावं.

पुण्याला, पिंपरी-चिंचवडला, मुंबईला नोकरीसाठी गेलेले हजारो नगरकर दिवाळीला गावी येतात. बरेच जण येताना बॅगा भरून आणतात. त्यांना कळकळीची विनंती आहे: येताना बॅग हलकी ठेवा आणि गावात आल्यावर भरा. मुलांचे कपडे गावच्या पेठेतून घ्या, परत जाताना फराळ गावच्या बचत गटाकडून न्या, आईच्या नेहमीच्या किराणा दुकानात पुढच्या दोन महिन्यांचे पैसे ठेवून जा.

आणि हे एका दिवाळीपुरतं नको. गेलेलं भांडवल एका सणात भरून निघत नाही. 2025 च्या पाडव्याला, 22 ऑक्टोबरला, व्यापाऱ्यांचं विक्रम संवत 2082 सुरू झालं आणि नव्या वह्या पूजल्या गेल्या. त्या वह्यांच्या पहिल्या पानांवर पुराचं देणं आहे. ते संक्रांतीला थोडं, लग्नसराईत थोडं, गुढीपाडव्याला आणि अक्षय्य तृतीयेला थोडं असं करत दोन-तीन वर्षांत फिटतं, पण त्यासाठी गिऱ्हाइकानं तेवढे सगळे सण त्या उंबऱ्यावर यायला हवं. सरकारची मदत एकदा येते, बातमी आठवडाभर टिकते; दुकान तगतं ते दर महिन्याला परत येणाऱ्या माणसावर. आपल्या गावच्या पेठेला आज त्याच माणसाची गरज आहे. यंदाच्या खरेदीची यादी आत्ताच काढा, आणि ती घेऊन ओल्या भिंतींच्या दुकानात सर्वांत आधी जा.